चौकात जागा नाय

लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकटीतलं चित्र, बारकीनंच काढायचा, हे सिद्धगडाखालच्या त्या वाडीत ठरलेलं. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बारीक काडी आणि बारकीची टकळी. हात चाले तोवर तोंडही चालायचं. पण भाचीच्या लग्नात तिचं डोकंच फिरलं.

"आत्या, माझ्या चौकात टीव्ही काढ," रंजिता म्हणाली.

रंजिता दोन वर्षं भातसानगरला एका साहेबांच्या घरी कामाला होती. तिथं जे जे पाहिलं ते ते तिला हवं होतं. आणि चौकात काढलेलं संसारात येतं, असं पोरींना आजवर सांगत कोण आलं? बारकीच! आता बोलणार काय, कपाळ?

"ताडाचं झाड काढते, मोर काढते, नांगर काढते. टीव्ही कशाला गो?"

"नांगर हाय की घरात. नाय ते काढ ना!"

आईविना पोर, बारकीनंच वाढवलेली. तिला नाही कसं म्हणायचं? बारकीनं टीव्ही काढला. मग फ्रीज, मिक्सर, मोटारसायकल, शॅम्पूच्या पुड्यांची माळ. आधी ती करवादली, मग मात्र अशी रंगात आली की विचारू नका. टीव्हीत नाचणाऱ्या बाया बसवल्या. फ्रीजमध्ये कोंबडी ठेवली, पिल्लांसकट.

"गारठून मरतील ना गो ती," शेजारीण म्हणाली.

"मग दार उघडं काढते."

वऱ्हाड आलं. नवरा-नवरी मात्र सगळ्यात शेवटी, दोन्हीकडच्या माणसांसमोर काढायची, अशी तिथली रीत. चौकात जोडी नाही तर लग्न पुढं सरकत नाही. बारकीनं काडी पिठात बुडवली, भिंतीकडे वळली आणि बघते तर काय? बोटभरही जागा उरली नव्हती! चौकटीबाहेर काढावं, तर बाहेर म्हणजे रान आणि भुतंखेतं. तिथं का पोरीचा संसार मांडायचा?

पण चूक कबूल करेल ती बारकी कसली! ती सगळ्या मांडवावरच उखडली. "बघताय काय? सामान एवढं झालंय, मानसांना जागाच नाय. काय पुसू ते सांगा!"

एकच कालवा उठला. फ्रीजला हात लावायचा नाही, असं सासू बाईजानं बजावलं. मोटारसायकलीसाठी धाकटा दीर आडवा आला. टीव्हीसाठी तर पोराटोरांनी भिंतच अडवली. शेवटी नवरा भगीरथ बोलला, "ऱ्हाऊ दे आत्या, समदंच ऱ्हाऊ दे. आमी दोघं भाईर बसतो."

मांडव खदखदून हसला. रंजिता हसली नाही. तिचा उतरलेला चेहरा पाहून बारकीचा जीव तुटला. भर मांडवात पोरीची शोभा झाली, आणि तीही आपल्याच हातानं!

रंजिता उठली. बाशिंग सावरत तिनं फडकं ओलं केलं आणि नाचणाऱ्या बायांसकट टीव्ही पुसून टाकला. पोरांनी बोंब ठोकली.

"हितं मला काढ, आत्या."

"आन ह्याला गो?"

"त्याला इचार. भाईर बसायचं म्हनतोय."

भगीरथ ओशाळला. पुढं आला, तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि टीव्हीशेजारच्या मोटारसायकलीकडे वळला. भाऊ "दादा, नको ना!" म्हणून ओरडत राहिला. फडकं भिंतीला टेकणार, तोच रंजितानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे ती," ती हळूच म्हणाली. "एवढ्या जागंत मावू आपन."

बारकीचे डोळे भरून आले. "सरका रे, उजेड अडवू नका," ती सगळ्यांवर खेकसली आणि दोघांना तिनं खांद्याला खांदा लावून काढलं.