चाखून सांगणारा

"डोळे घट्ट! फटीतून बघणाऱ्याला कच्चा कांदा देईन!" कालिपा एजे ओरडली आणि पंधरा पोरं खिदळली.

मी अकॉर्डियन घेऊन कोपऱ्यात. नारीन गावच्या या बालवाडीत मी गाणी शिकवतो. एजे म्हणजे थोरली ताई, तिला सगळेच तसं म्हणतात. चवीचा धडा तिचा, सव्वीस वर्षं. मीठ, मध, आंबट दह्याचे वाळवलेले गोळे, आणि कडू म्हणून डोंगरावरचा पाला.

आज पाहणी होती. मागे तीन पाहुणे बसलेले.

एक गोष्ट फक्त मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वीच्या तापात एजेची चव गेली, ती परत आलीच नाही. धड्याआधी ती मला स्वयंपाकघरात हाक मारायची. "एर्मेक, चाख रे. मध आंबला नाही ना?" मी चाखून सांगायचो. बाकी सगळं ती पोरांच्या तोंडांकडे बघून निभवायची. भारी निभवायची.

गेल्या आठवड्यात मी ते आमच्या मुख्याध्यापिका तुर्सुनाय मॅडमना सांगून टाकलं. कौतुकाने बोललो, असं नंतर म्हणत राहिलो. खरं सांगतो. मॅडम पहिल्यांदाच मला चहाला बसवून बोलत होत्या, विषय संपत आला होता, आणि मला उठायचं नव्हतं.

आता मॅडम उठल्या. पर्समधून डबी काढली. आत पांढरं काहीतरी.

"एजे, आधी तुम्ही चाखा. काय आहे ते पोरांना सांगा."

एजेने चमचा तोंडात घातला. साय असेल, नाहीतर मध. आमच्या डोंगरातला मध पांढराच असतो. तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी अकॉर्डियनच्या बटणांकडे बघत बसलो.

"मला नाही कळत," ती म्हणाली. "माझी चव गेलीये, पोरांनो. तुम्हीच सांगा."

मग छोट्या बेगायिमने चमचा चाटला. "गोड आहे. तुला अजून देऊ का? मग कळेल."

पाहुणे हसले. मॅडमही हसल्या. सोमवारपासून धडा मॅडमची भाची घ्यायला लागली, आणि एजेला दुपारी पोरं झोपवायच्या कामावर टाकलं. मी दिसलो की ती फक्त विचारायची, "जेवलास?"

महिन्याने मला मुलगी झाली. बाळाच्या तोंडात पहिलं तूप घालायला आमच्याकडे मानाची बाई बोलावतात. आई म्हणाली, "कालिपालाच बोलव. दुसऱ्या कुणाचा हात नको मला."

एजे आली. पोरीला मांडीवर घेतलं, तिचे गाल कुरवाळले, "नाक बापाचं नाही, सुटलीस गं" म्हणाली. सगळे हसले. मग तिने तुपाची वाटी पुढे ओढली.

"ताजं आहे ना?"

मी लगेच चमचाभर तोंडात घातलं. "ताजं आहे, एजे. एकदम ताजं."

तिने मान डोलावली. मग दुसरा चमचा भरला आणि माझ्या आईपुढे धरला.

"तुम्ही बघा बरं जरा."