चोवीस चित्रांची चाल

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी माझ्या आईची चाल चौबळसरांच्या नावावर केली, आणि पाच वाजून एक मिनिटानं आई स्वयंपाकघरात खाली बसली. त्यानंतर तिला पाऊलच टाकता येईना. पाय धडधाकट होते. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय टुणकन उडाला. हाडांचे फोटो काढले, हाडं उत्तम. "यांच्याकडं चालच नाही," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर तेवढंच लिहून दिलं.

चूक माझी होती, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत ॲनिमेशन करते. एका चहाच्या कंपनीला जाहिरातीसाठी ट्रे घेऊन येणारी काकू हवी होती. मी आठ चाली काढल्या, आठांतही जीव नव्हता. शेवटी आईला म्हटलं, जरा पॅसेजमधून चाल, आणि बाजूनं फोनवर शूट केलं. आई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. डाव्या पायाची टाच जरा जास्त वाजायची, उजवं कोपर कायम अंगाशी, काखेत रजिस्टर असल्यागत. ती वॉर्डात येतेय हे पेशंटांना टाचेवरून कळायचं. ती चाल मी चोवीस चित्रांत बसवली. डावं पाऊल, उजवं पाऊल, मिळून एक सेकंद.

आमच्या स्टुडिओची पद्धत अशी आहे. शनिवारी पाचला आठवड्याच्या सगळ्या फाइली ड्राइव्हवर चढवायच्या आणि 'मालक' लिहिलेल्या रकान्यातून आपलं नाव काढून सरांचं घालायचं. सहा वर्षं मी हे करतेय. ससे दिले, हत्ती दिले, दात घासणारे सिंह दिले. हात सवयीनं गेला. बटण दाबताना मी घरी जाताना कोणती भाजी घ्यायची याचा विचार करत होते.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. चौबळसर पन्नाशीचे, गोलमटोल, स्वतःच्या विनोदाला आधी स्वतः हसणारे.

"सर, आईची चाल परत हवीय."

"क्लायंट जाम खूश आहे बघ," सर म्हणाले. "ती टाच काय वाजते! तुम्हाला सुचलं कसं, म्हणून विचारत होते."

"तुम्हाला?"

"नाव स्टुडिओचंच जातं, केतकी. करारात आहे."

"आई शनिवारपासून खाली बसलीय, सर. उठता येत नाही तिला."

"वय झालं त्यांचं. बसू दे की आता," सर म्हणाले आणि हसले. "आणि एवढंच असेल तर दुसरी काढ की. एवढी चांगली आर्टिस्ट तू."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी घरी जाऊन दुसरी चाल काढली, कारण आई बसलेली होती आणि माझ्या रागानं ती उठणार नव्हती. नवी चाल तिला ढगळ झाली. दोन पावलांत घोट्यापाशी गोळा झाली, आणि आई फ्रिजला धरून पुन्हा खाली बसली. "राहू दे गं," ती म्हणाली. "माझी नाही ती."

मूळ फाइल उघडायला गेले तर पडद्यावर आलं, 'तुम्हाला प्रवेश नाही. परवानगी मागा.' मागितली. दिवसातून चाळीस वेळा मागितली. 'तुमची विनंती पाठवली आहे,' एवढंच उत्तर. तीस वर्षं जिनं दुसऱ्यांना उचलून बसवलं, तिला मी काखेत हात घालून न्हाणीघरात न्यायचे, आणि दर वेळी ती माझी माफी मागायची. त्या माफीनं माझ्या जिवाची लाही लाही व्हायची. टीव्हीवर दर दहा मिनिटांनी चहाची काकू यायची, डावी टाच वाजवत, कोपर अंगाशी धरून. आई तिच्याकडं बघत राहायची.

"बरी चालतीय बाई," ती म्हणायची.

मग मी ठरवलं. चौबळांना सोडायचं नाही.

गुरुवारी क्लायंटबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. 'ही मीटिंग रेकॉर्ड होत आहे' असं पडद्यावर आलं. सरांनी वाचलं नाही, ते काहीच वाचत नाहीत. ते सात वेळा हसले. त्यातलं चौथं हसू सगळ्यांत स्वच्छ होतं. ते मी बारा चित्रांत उतरवलं, फाइल जतन केली आणि मालकाच्या रकान्यात माझं नाव घातलं.

शुक्रवारी सरांनी चहाच्या वेळी विनोद केला. तोंडाचा आकार झाला, खांदे हलले, पण आलं काहीच नाही. नळाला नुसती हवा येते, तसं झालं. सर घसा खाकरून केबिनमध्ये गेले. मी त्यांचं हसू फुकट स्टिकर देणाऱ्या एका वेबसाइटवर टाकलं. दुपारपर्यंत अकरा हजार लोकांनी उतरवून घेतलं. आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर कुणीतरी ते चुकून एका निधनाच्या बातमीखाली टाकलं आणि मोठं भांडण झालं. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की येताना मी जिलेबी आणली.

"कशाची गं?" आईनं विचारलं.

"अशीच."

पुढच्या सोमवारी मी पुन्हा केबिनमध्ये गेले. "हसू माझ्याकडं आहे, सर. चाल द्या, घेऊन जा."

"ती फाइल कुलपात आहे," सर म्हणाले. "माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही, आणि अंगठा मी लावणार नाही. एकाला परत दिलं की उद्या सगळे दारात उभे राहतील."

म्हणजे मला हवा होता तो फक्त अंगठा. त्याच दिवशी घेता आला असता, आठ चित्रांचं तर काम. नाही घेतला. अंगठा मी मुद्दाम शेवटी ठेवला. आधी बाकीचं.

मंगळवारी मी त्यांचं खुर्चीतून उठणं घेतलं. दोन्ही हात टेकणं, पोट पुढं, मग गुडघे, अठरा चित्रं. बुधवारी सर खुर्चीत होते, गुरुवारीही तिथंच. त्यांची बायको डबा आणि धुतलेले शर्ट केबिनमध्ये आणून द्यायला लागली.

"बसा की आता, सर," मी म्हणाले. काय गार वाटलं म्हणून सांगू.

मग चहाचा भुरका घेतला. मान खाजवणं घेतलं. दुसऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवून "हे असं नको" म्हणायची त्यांची लकब घेतली. सगळं वेबसाइटवर. सर भुरक्याशिवाय चहा पिऊ शकत नव्हते, त्यामुळं कपात तसाच गार व्हायचा. शेवटी बोलणं घेतलं. लोकांना वाटतं ते फार मोठं काम असेल. माणूस कितीही बोलला तरी आम्हाला तोंडाचे नऊ आकार पुरतात. नऊच्या नऊ एका दुपारी झाले.

आमच्याकडं इर्शाद मुलाणी म्हणून आहेत. पात्रांच्या मागची घरं, रस्ते, झाडं तेच रंगवतात. मला पहिल्या दिवसापासून केतकीताई म्हणायचे. ते केबिनमधून बाहेर आले आणि माझ्या टेबलापाशी थांबले.

"सरांच्या कडा दिसाय लागल्यात," ते म्हणाले. "आतला रंग गेलाय."

"तुम्ही जेवून घ्या, इर्शादभाई."

"तुमचं टेबल हिकडं कधी आलं?"

मी खाली पाहिलं. टेबल खिडकीपासून चार फरशा पुढं आलं होतं. मी कुणाला हलवायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाच फरशा, तिसऱ्या दिवशी सहा. गुरुवारी ते केबिनच्या दारातून आत गेलं आणि सरांच्या टेबलाला चिकटलं. मागं भिंत, पुढं सर, बाजूला कपाट. बाहेर यायचं तर टेबलावर चढून यावं लागायचं. मी चढून यायचे. तक्रार करायला कुणी नव्हतंच.

शनिवारी पाचला इर्शादभाई टेबलापलीकडं उभे राहिले. "रकाना सरांचं नाव घेईना. तुमचं घालू?"

"घाला," मी म्हणाले. माझं लक्ष सरांच्या उजव्या हाताकडं होतं.

त्या दिवशी सगळ्यांनी माझं नाव घातलं. सोमवारी इर्शादभाई पुन्हा आले. डोळे लाल.

"मॅडम, गेल्या आठवड्याच्या जाहिरातीसाठी मी माझ्याच घराचा व्हरांडा काढला होता. व्हरांडा गेला. दार उघडलं की थेट रस्ता. आमची अम्मी काल दारातून खाली गेली, खरचटलं तिला. तेवढी एक फाइल परत द्या."

द्यायलाच हवी होती. देणं म्हणजे दोन क्लिक. पण एकाला दिली की बाकीचे येणार, आणि माझं काम अजून व्हायचं होतं.

"करारात आहे, इर्शादभाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी केबिनमध्ये सरांकडं पाहिलं होतं. मला लाज वाटली. ती मी बाजूला ठेवली, कारण घरी आई न्हाणीघराच्या दारात हात वर करून बसलेली होती आणि मला उशीर झाला होता.

त्या शनिवारी मी अंगठा घ्यायला बसले. सर आता खुर्चीत टेकून ठेवलेल्या पुठ्ठ्याएवढे उरले होते. डोळे तेवढे हलत होते, आणि हात. मी फोनचा कॅमेरा त्यांच्या हातावर धरला तसे ते अस्वस्थ झाले. टेबलावरचं कॅलेंडर त्यांनी बोटांनी ढकललं, उजवीकडून डावीकडं, माझ्या नाकासमोरून. मग परत उचलून आणलं आणि पुन्हा ढकललं. मग कॅलेंडरसमोर पेन उभं धरलं, पेन जागचं हलू दिलं नाही, आणि मागून कॅलेंडर सरकवलं. असं पाच-सहा वेळा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. त्यांच्याकडं बोलणं नव्हतं आणि मला ऐकायचं नव्हतं.

"नाटकं पुरे," मी म्हणाले आणि कॅलेंडर काढून घेतलं.

अंगठा आठ चित्रांत झाला. कुलूप उघडलं. 'मालक: केतकी.' मी टेबलावरून उडी मारून बाहेर पडले. मागं वळून पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं, शेजारणीनं गॅसवर दूध तापत ठेवलं होतं आणि आई ओट्याला पाठ लावून पावटा सोलत होती.

"आई, आणली."

तिनं ताट बाजूला ठेवलं. "कुणाला दुखवून आणलीस का गं?"

"नाही," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

आई उठली. बाई गं, काय उठली! गुडघ्याला हात न लावता, पदर खोचत. डावी टाच वाजली. उजवं कोपर अंगाशी आलं. पुन्हा टाच. मी रडायलाच लागले. "चल," मी म्हणाले, "दारापर्यंत चल. चालून दाखव मला."

आई चालत होती. पण दारापाशी जात नव्हती. दार तिच्याकडं आलं, तिच्या अंगावरून पुढून मागं गेलं, आणि पॅसेजची भिंत यायला लागली.

चालीचं चित्र जागच्या जागी काढायचं असतं. माणूस मध्ये तसाच राहतो, सरकते ती मागची जागा. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. त्याला पुढं नेणं हे वेगळं काम, ते शेवटी जोडायचं. आमच्याकडं ते सर जोडायचे, स्वतः, दर फाइलला. मला कधी करायलाच लागलं नव्हतं.

"आई, थांब!"

"कशी थांबू?" आई म्हणाली. ती समोर बघत होती, मी तिला बाजूनंच काढली होती. "थांबायचं चित्र कुठाय?"

ओटा मागं निघाला होता. फ्रिज निघाला होता. ऊन पडलेली फरशी मागं चालली होती आणि मी त्या फरशीवर उभी होते. मी आईच्या दिशेनं पळाले. जेवढी पळाले तेवढंच घर मला मागं नेत होतं. तिच्यापुढं आता जिना येत होता, मग गल्ली, मग इस्त्रीवाल्याचं दुकान, एकेक करून तिच्यामागून जात, आणि ती मधोमध, टाच वाजवत, सुरेख चालत होती. इतकी सुरेख चाल मी आयुष्यात काढलेली नाही.

"केतकी," तिनं लांबून विचारलं, "दूध उतू जात नाहीये ना?"

"नाही," मी ओरडले.

मी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. चौकटही सरकत होती.