वेताळ बँडची पेटी

वर्षश्राद्धाची पंगत उठली, भटजी गेले, तरी माणसं काही हलेनात. बेबाबाईला वाटलं होतं, जेवतील, दोन शब्द बोलतील आणि आपापल्या एसटीला लागतील. पण ही माणसं सोयऱ्याधायऱ्यांतली नव्हती. ती अभिमन मास्तरची माणसं होती. कुणी सावद्याहून आलेलं, कुणी वरणगावच्या फॅक्टरीतून रजा टाकून, कुणी शिंदखेड्याकडून. मास्तरच्या वेताळ बँडमागे जत्राजत्रा हिंडलेली. धुळ्यात देवपुरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरापुढे निंबाची सावली होती. तिथे त्यांनी आपणच सतरंजी ओढून घेतली आणि बैठक मारली.

बेबाबाई पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत बसली. तिथून तिला भटूची पाठ दिसत होती. भटू तिचा धाकटा दीर, बँडात ड्रम वाजवणारा. वर्षभरात तो इतका वाळला होता की सदऱ्यातून खांद्याची हाडं मोजावीत. ताटातल्या खिरीला त्यानं बोटही लावलं नव्हतं. सकाळी पाणी भरता भरता तो तिला एवढंच म्हणाला होता, "आज ते पेटीचं विचारतील, वहिनी. तू हो म्हण."

पेटी मागच्या पडवीत होती. काळी, माणूस मावेल एवढी, झाकणाला बाहेरून कडी. भटू कधीकधी दुपारचा तिच्यात जाऊन पडायचा आणि झाकण ओढून घ्यायचा. काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणायचा, सराव.

धुळ्यात बँड काय कमी होते? पण ते लग्नावरातीचे. वेताळ बँडला लग्नाला कोण बोलावणार? नवरीचा बापच आडवा यायचा. त्याला बोलावणं यायचं ते जत्रेचं, गणपतीच्या मिरवणुकीचं, धुळवडीचं. सुरुवातच मुळी धुळवडीनं झाली होती. गल्लीतली पोरं दरवर्षी गंमत म्हणून खोटी तिरडी काढायची, जिवंत माणूस झोपवून, बोंबा मारत. एका वर्षी अभिमन क्लॅरोनेट पोटाशी धरून त्या तिरडीवर झोपला, आणि चौकात आल्यावर पांढऱ्या कापडाखालून वाजवत उठून बसला. अर्धी गल्ली पळाली. जी पळाली तीच परत आली आणि म्हणाली, पुन्हा कर.

मग तिरडीची पेटी झाली. चौघं ती खांद्यावर घेऊन चालायचे, बँड पुढे रडका सूर धरायचा. मैदानात पेटी खाली ठेवली की सगळी वाद्यं गप्प. आतून तीन ठोके पडायचे. भटू ड्रमवर त्याला उत्तर द्यायचा, कडी काढायचा, आणि लोबानाच्या धुरातून मास्तर उभा राहायचा. तोंडाला खडूचा पांढरा लेप, डोळ्यांभोवती काजळ. तोंडातून रॉकेलचा जाळ सोडायचा, आणि मग क्लॅरोनेट असं काही हसवायचा की बाया पदरात तोंड लपवायच्या, आणि पदराच्या फटीतून बघायच्या. ते काजळ बेबाबाईच लावायची. आधी पोरीला, मग त्याच बोटानं नवऱ्याला. तो डोळे मिटून लहान लेकरासारखा बसायचा.

गेल्या चैत्रात शिंदखेड्याकडच्या एका गावच्या जत्रेतून त्याला ट्रकमध्ये घालून आणलं. पेटी उघडली तेव्हा मास्तर उठला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, क्षणात गेला, त्रास काहीच झाला नसेल. त्या वाक्यावर बेबाबाईनं वर्ष काढलं होतं. त्रास झाला नाही. क्षणात गेला. रात्री पोर उठली की तिला थोपटता थोपटता ती हेच घोकायची.

बाहेर आता रंग चढला होता.

"जळगावच्या गणपतीत तो पोलीस आठवतो का?" वरणगावचा एक जण म्हणाला. "मास्तरनं जाळ सोडला अन् गडी काठी टाकून दुकानात शिरला."

"दुकान माझ्या साडूचं," प्रकाशचंद शेठ म्हणाले. सावद्याला त्यांचं कापडाचं दुकान होतं. वेताळ बँडसाठी त्यांनी भर लग्नसराईत शटर ओढलेलं होतं. "तो पोलीस गादीखाली सापडला. साडू म्हणे, साहेब, आता आलाच आहात तर धोतरजोडी बघून जा."

हसण्याचा लोट आत आला. पोरीनं मान वर केली आणि तीही हसली.

"मनी बायको तं आजून रांगोळी काढस तव्हय मास्तरना नाव काढस," दगा आबा म्हणाले. शिंदखेड्याकडचे म्हातारे शेतकरी, डोक्याला मुंडासं, अंगात घरून धुऊन आणलेली बंडी. "म्हने, तो पांढरा चेहरा देखा आन् मन्हा तीन वरीसना ताप उतरना. डागतरले जे जमनं नही, ते मास्तरले जमनं."

"आबा, वहिनीला सांगा शेवटच्या खेळाचं. तुम्ही अगदी पुढे होतात."

बेबाबाईचा थोपटणारा हात थांबला. शेवटच्या खेळाचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. भटूला विचारलं होतं, तेव्हा तो नुसता उठून गेला होता.

"काय सांगू, माय," दगा आबा उंबऱ्याकडे वळून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडभर कौतुक. "तीन ठोका पडनात का पेटी उघडस, हाई बठ्ठास्ले माहीत. पन त्या दिनले मास्तर थांबनाच नही. ठोकतच राहिना. आन् हाऊ भटू, तेना भाऊ शोभस, ठोक्याले ठोका देत राहिना. तो आतून, हाऊ भाईरथून. आम्ही टाया वाजाडी वाजाडी हात लाल करात."

"जुगलबंदी होती भाभी, जुगलबंदी," प्रकाशचंद पुढे सरकले. "असं आधी कधी झालं नव्हतं. भटू कडीला हात घालायला गेला, तर मीच ओरडलो, उघडू नको, चालू दे. सगळं मैदान ओरडायला लागलं, चालू दे, चालू दे. मास्तर आतून असा जोरात, दोन्ही हातांनी, पायांनीसुद्धा. पेटी हलत होती. मग हळूहळू बारीक होत गेला. शेवटी तर नखानं वाजवत होता. लाकडावर नखानं. एवढी माणसं, पण टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि मग एकदम बंद." त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "असा कलावंत पुन्हा होणे नाही. मरतानासुद्धा लोकांना देऊन गेला."

निंबाखाली सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्यात आदर होता.

बेबाबाईला आपले हात दिसत होते, पोर दिसत होती, पण हात आपलेच आहेत असं वाटेना. दोन्ही हातांनी. पायांनीसुद्धा. पेटीत ठेवायचं लोबानाचं मडकं तिनं स्वतः भरून दिलं होतं त्या दिवशी, नेहमीपेक्षा दाबून, कारण जत्रा मोठी होती. क्षणात गेला, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांनी पेटी कुठे ऐकली होती?

तिनं भटूच्या पाठीकडे बघितलं. पाठ ताठ होती, दगडाची असावी तशी. हा ड्रम वाजवत होता. आतून भाऊ दार ठोठावतो आहे आणि हा त्याला सुरात उत्तर देतो आहे. कधी कळलं असेल याला? कडी काढल्यावर? की वाजवता वाजवता, त्या बारीक नखांच्या आवाजाला, चालू दे चालू दे म्हणणाऱ्या माणसांमध्ये? आणि मग वर्षभर दुपारी त्या पेटीत झाकण ओढून पडायचा तो. श्वास कोंडून बघत असेल, किती वेळ लागतो ते.

"तर भाभी, आता मुद्द्याचं," प्रकाशचंद म्हणाले. "एकवीरेची जत्रा आठ दिवसांवर आली. लोक विचारतात, बँड मेला का? आम्ही म्हणतो, भटू आहे ना. पेटीला मी नवं काळं मखमल लावून देतो. भटू झोपेल."

"मी झोपतो," भटू म्हणाला. मान न वळवता. "वहिनीनं पेटी दिली की झालं."

त्या आवाजात हौस नव्हती, भीतीही नव्हती. नदीवर आंघोळीला जातो म्हणावं तसा आवाज. बेबाबाईला एकदम कळलं, हा त्या पेटीतून तीन ठोके देणार नाही. एकही देणार नाही. आणि ही भली माणसं वाट बघत टाळ्या वाजवत राहतील.

खरं सांगावं का? ते वाजवणं नव्हतं, तो हाका मारत होता, असं? म्हणजे ही माणसं या सतरंजीवरून उठून पुन्हा कधी हसणार नाहीत. त्यांचं त्यांनी बघून घ्यावं. पण भटूला ते सगळ्यांच्या देखत ऐकावं लागेल. आज तो एकटाच ओळखून आहे. मग सगळा खानदेश ओळखेल.

ती पोरीला कडेवर घेऊन उंबरा ओलांडून बाहेर आली. बाप्यांच्या बैठकीत ती कधी आली नव्हती. दगा आबांनी पाय आवरले.

"आबा, त्या दिवशी जास्त वाजवायचं यांनी आधीच ठरवलं होतं," ती म्हणाली. "भटूभाऊंना सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. म्हणाले, आज त्याची परीक्षा घेतो. बघू किती वेळ जोडीला टिकतो."

भटूनं मान वळवली.

"वाजत होतं तोवर ते बरे होते," ती त्याच्याकडे न बघता, आबांकडे बघत म्हणाली. "थांबलं तेव्हा गेले. क्षणात. डॉक्टरही तेच म्हणाले. भटूभाऊ परीक्षेत पास झाले, एवढं ऐकून गेले असतील."

"वा," वरणगावचा माणूस हळूच म्हणाला. "वा, मास्तर."

"पण पेटी मी देणार नाही."

"भाभी, पेटीशिवाय वेताळ बँड म्हणजे..." प्रकाशचंद गडबडले. "नुसत्या पिपाण्या ऐकायला कोण येईल? तुमच्याच पोटाचा प्रश्न आहे."

"असू दे. तुम्हीच म्हणालात ना, असं पुन्हा होणे नाही? मग त्या लाकडावर दुसऱ्या कुणाचे ठोके पडले तर तुमच्या कानात कुठले राहतील? आधीचे पुसले जातील, शेठ. यांचं शेवटचं वाजवणं तेवढं त्यात राहू द्या. भटूभाऊ ड्रम वाजवतील, लग्नात वाजवतील. पेटीत कुणी झोपणार नाही."

 मग दगा आबांनी मुंडासं सारखं केलं. "पोर खरं सांगी राहिनी," ते म्हणाले. "ते लाकूड आते देवनं शे."

प्रकाशचंदांना ते पटलं. मनातून लागलं, पण पटलं; खऱ्या रसिकाला पटावं तसं. जाण्याआधी एकदा हात लावू द्या, एवढंच ते म्हणाले. बेबाबाई नाही म्हणू शकली नाही.

सगळे चपला काढून पडवीत गेले. एकेकानं झाकणावर हात ठेवला, कुणी तोच हात डोळ्यांना लावला. वरणगावच्या माणसानं, काय मनात आलं त्याच्या, बोटाच्या पेरानं झाकणावर तीन वेळा वाजवलं. दोघंतिघं हसले, ओल्या डोळ्यांनी. आणि मग, जुनी सवय, सगळेच थोडं थांबले. कान देऊन.

आतून काही आलं नाही. पोरीनं आईच्या खांद्यावर तोंड घासलं. मग माणसं एसटीची वेळ बोलत बाहेर पडली, आणि वळून वळून हात जोडत गल्लीच्या टोकाशी दिसेनाशी झाली.

भटू सतरंजी झटकत होता. झटकून झाली तरी झटकत राहिला.

"वहिनी, दादा खरंच म्हणाला होता तसं?"

"हो."

"कधी?"

"निघताना. तुम्ही ट्रकवर ड्रम चढवत होतात. ते पायरीवर बसून चपलेचा अंगठा बांधत होते."

"काय म्हणाला? जसं म्हणाला तसं सांग."

तिला पुन्हा रचावं लागलं, आणि या वेळी बारीकसारीक तपशिलांसकट. "म्हणाले, भटू हल्ली फार शेफारलाय. आज त्याचे हात दुखेपर्यंत वाजवतो. त्याला सांगू नको." ती थोडी थांबली. "आणि हसले."

भटू ऐकत राहिला.  मग तो ओट्यावर बसला आणि त्यानं खीर आहे का विचारलं. तिनं वाटी भरून दिली. तो गार खीर खाऊ लागला, आधी चमच्यानं, मग वाटीलाच तोंड लावून.

बेबाबाई पोरीला घेऊन पायरीवर टेकली. त्या सकाळी तो याच पायरीवर बसला होता, तेवढं खरं होतं. बोललाही होता काहीतरी. साधंच होतं, पोरीबद्दल होतं, वर्षभर ते तिच्याजवळ होतं. तिनं ते आठवायला डोळे मिटले. अभिमन चपलेचा अंगठा बांधत होता. त्यानं मान वर केली, तोंड उघडलं, आणि म्हणाला, भटू हल्ली फार शेफारलाय.

तिनं पुन्हा आठवून बघितलं. तो पुन्हा तेच म्हणाला.

"वहिनी," मागून भटू म्हणाला, "अजून आहे का?"

"आहे," ती म्हणाली, आणि वाटी घ्यायला उठली.