कासव बोललं तो रविवार

कासवानं तोंड उघडलं, आणि ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसलेल्या छत्तीस मोठ्या माणसांनी श्वास रोखला.

"मित्रांनो," पडद्यावरचं कासव म्हणालं, "चाळीस वर्षं एक गोष्ट सांगायची राहून गेली. तुम्ही सगळे मला फार आवडता."

आवाज चांगला होता. जाडसर, गोड, खोकल्याच्या औषधासारखा.

"हट्!" मावशी म्हणाली.

मावशी चारचौघांत फारसं बोलत नसे. सवय नसल्यामुळे तो शब्द जरा मोठाच निघाला. पुढच्या रांगेतला दंतवैद्य रुमालात नाक शिंकरत होता, त्यानं तसंच मागे वळून पाहिलं. मावशीच्या एका बाजूला तिची धाकटी बहीण बसली होती, तिनं कोपर मारलं. दुसऱ्या बाजूला धाकटीची सात वर्षांची मुलगी गोटी होती. तिनं काहीच केलं नाही. गोटी घराबाहेर असली की काहीच करत नसे.

'पायरीवरची मंडळी' हा लहान मुलांचा कार्यक्रम, बाहुल्यांचा. एका इमारतीच्या जिन्यावर सगळा कारभार चाले. वरच्या पायरीवर रेडिओकाकू नावाची कोंबडी, मधल्या पायरीवर प्रत्येक पत्ता चुकवणारा पोस्टमन उंदीर, आणि सगळ्यात खाली ठकठक कासव. ठकठक बोलत नसे. त्यानं आपल्याच पाठीवर एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही, आणि तीनदा ठोकलं की 'थांबा, विचार करतोय'. तीन ठोके पडले की सगळा जिना थांबायचा. रेडिओकाकूसुद्धा. एकदा तर पूर्ण एक मिनिट कुणी हललं नव्हतं. फक्त उंदीर तेवढ्यात एक पत्र उलटं धरून वाचून मोकळा झाला होता. ते एक मिनिट मावशीनं वयाच्या सातव्या वर्षी पाहिलं. त्या वेळी तीही घराबाहेर बोलत नसे, आणि आपल्यासाठी कुणी थांबू शकतं ही बातमी तिला नवीन होती.

आज कार्यक्रमाला चाळीस वर्षं झाली म्हणून विशेष भाग होता आणि तो एकत्र पाहायला जुन्या प्रेक्षकांचा संघ जमला होता. दिवे लागल्यावर अध्यक्ष उठले. ते बसकंडक्टर होते आणि सभेतही तसेच वागत.

"चला, एकेक करून बोला. मधे कुणी उभं राहू नका."

मावशीनं मनातल्या मनात मोजदाद केली. रडणारे एकोणीस, चिडलेले चौदा, नवऱ्यानं किंवा बायकोनं ओढून आणलेले तीन.

"एवढा मी माझ्या आईच्या वेळीसुद्धा रडलो नव्हतो," दंतवैद्य म्हणाला.

"खरंय," ओढून आणलेली त्याची बायको म्हणाली. "मी होते तिथे."

"रडायला काय झालं?" नळदुरुस्तीवाला बसल्या जागेवरूनच ओरडला. "चाळीस वर्षं तोंड मिटून बसला बिचारा, त्याची अब्रू घालवली! आता पुढच्या वर्षी गाणं म्हणायला लावतील, नाचवतील!"

"पुढच्या वर्षी उंदराला पत्ता सापडेल," कुणीतरी म्हणालं, आणि दोन्ही पक्ष एकदम हसले.

मग दुसऱ्या रांगेतून करड्या स्वेटरमधली एक बाई उठली. चष्मा काढून हातात घेतला, पुसला, पुन्हा घातला.

"आमच्या घरी वडील बोलत नसत," ती म्हणाली. "जेवतानासुद्धा एक शब्द नाही. मी दर वेळी हा कार्यक्रम लावायचे आणि वाट बघायचे. आज हा बोलेल. निदान हा तरी. आज बोलला. मला एवढंच सांगायचं होतं."

ती खाली बसली.

"ताई, अगं," धाकटी कुजबुजली, "या तर गोटीच्या शाळेच्या हेडमॅडम!" आणि लगेच लेकीकडे वळून, "बघितलंस ना गोटे? शेवटी तोसुद्धा बोलला."

गोटी आपल्या बुटाच्या नाडीकडे बघत राहिली. घरी पोचून दार लागलं मात्र, तिची टकळी सुरू झाली. "मावशी, तो त्याचा आवाज नव्हताच काही. खाली कुणीतरी काका बसले होते. आणि उंदराला किती कमी दाखवलं! मला उंदीरच आवडतो." हे ती पूर्वीही बऱ्याचदा म्हणाली होती. मावशीनं ते दर वेळी प्रेमानं ऐकून सोडून दिलं होतं.

सोमवारी दुपारी शाळेची चिठ्ठी आली.

गोटी दोन वर्षांत शाळेत एक शब्द बोलली नव्हती. मारून, गोंजारून, डॉक्टरांना दाखवून झालं होतं. मग मागच्या वर्षी मावशीनं तिला ठकठकची युक्ती शिकवली आणि वर्गाच्या बाईंची समजूत काढली. अकरा नंबर पुकारला की गोटी बाकावर एकदा ठोकायची, बाई हजेरी मांडायच्या. कुणाचं काही अडलं नाही. आता चिठ्ठीत लिहिलं होतं की कालच्या कार्यक्रमानं मुलांपुढे एक सुंदर उदाहरण ठेवलं आहे; तेव्हा मंगळवारपासून हजेरी तोंडानंच द्यावी लागेल. आवाज आला नाही तर गैरहजेरी लागेल. आणि गैरहजेरी अमुक दिवसांच्या वर गेली की मूल त्याच इयत्तेत राहील, हे सगळ्या पालकांना ठाऊक होतं.

"एका कासवापायी पोरीचं वर्ष घालवतात की काय!" मावशी म्हणाली.

"कासवापायीच तर ती ठोकत बसली होती," धाकटी म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि प्रत्येक घडीला एक चापट देत होती. "बरं झालं मॅडमनी कडक केलं. मला तर हायसं वाटलं."

"आणि नाही बोलली तर?"

"बोलेल. बोलावं लागलं की बोलतात सगळे."

"मला किती लावलं होतं बोलायला. शिक्षा म्हणून उभं केलं, कोपऱ्यात बसवलं. बोलले का?"

धाकटीनं हातातला टॉवेल खाली ठेवला. "ताई, रागावू नकोस. पण तिनं तुझ्यासारखं व्हावं असं वाटतं का तुला? आयुष्यभर मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या?"

मावशी चष्म्याच्या दुकानात होती. पुढे मालक हसूनखेळून फ्रेमी विकायचे. मागे पडद्याआड ती नंबराप्रमाणे काचा घासायची, फ्रेमीत बसवायची. गिऱ्हाइकं तिला 'आतल्या बाई' म्हणत. बावीस वर्षांत तिच्या हातची काच परत आली होती ती दोनदाच, आणि त्यातल्या एका वेळी चूक डॉक्टरची होती.

"माझ्यासारखं म्हणजे काय वाईट?" ती म्हणाली. "या गल्लीतली निम्मी माणसं माझ्यामुळे जिन्यावरून न पडता उतरतात."

धाकटीनं टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली.

रात्रभर मावशीनं तीन वाक्यं तयार केली आणि मंगळवारी दुकान उघडण्याआधी ती घेऊन शाळेत गेली.

"बसा," हेडमॅडम म्हणाल्या. स्वेटर तोच होता.

"उभी बरी आहे."

"रविवारी 'हट्' म्हणालात ते तुम्हीच ना?"

"मीच."

"त्याचा राग धरून मी चिठ्ठी पाठवली असं वाटत असेल, तर तसं नाही हां."

"चष्मा कसा आहे तुमचा?" मावशीनं विचारलं. हे तीन वाक्यांतलं नव्हतं.

"अं? छान आहे. का बरं?"

"मी घासलाय. डावा सव्वादोन, उजवा पावणेदोन, डाव्याला थोडा तिरपा नंबर." मॅडमचा हात नकळत चष्म्याकडे गेला. "उद्या टीव्हीवर एखाद्या आजीनं चष्म्याशिवाय सुई ओवून दाखवली, तर तुमचा काढून घ्यायचा का?"

मॅडम शाळा चालवत होत्या. त्यांना उत्तरं लवकर सुचत.

"चष्म्यानं मला दिसतं. ठोकण्यानं तिला बोलता येत नाही."

"ती हजर आहे एवढं कळतं. हजेरीला तेवढंच विचारतात ना?"

"आणि मोठी झाल्यावर? जगात जिथे तिथे बाक नसतात ठोकायला."

"मी झालेय की मोठी."

"मग?"

"मग काय, तुमच्याशी भांडतेय."

मॅडमना हसू आलं होतं, पण ते त्यांनी ओठांपर्यंत येऊ दिलं नाही. त्या खिडकीशी गेल्या. मैदानात मुलं रांगा मोडत वर्गांकडे पळत होती.

"तुमचं ते कासव निदान तीनदा ठोकून सांगायचं, थांबा म्हणून," त्या म्हणाल्या. "आमच्या वडिलांनी तेवढंही कधी केलं नाही. बारा वर्षं मी त्यांच्यासमोर जेवले. ते रागावलेत की थकलेत की मी त्यांना आवडतच नाही, मला कधी कळलं नाही. तुम्ही त्या न बोलणाऱ्या मुलीकडे बघता. बघा, चांगलंच आहे. पण तिच्या बाकावर तिच्या शेजारी कुणीतरी बसतं ना? त्या मुलीनं कुणाकडे बघायचं?"

मावशी लहानपणी कुणाच्या शेजारी बसायची, ते तिला आठवेना. ती मुलगी तिच्याकडे बघत असेल, हे तर आजवर डोक्यातच आलं नव्हतं. पण माघार घ्यायची तिची तयारी नव्हती.

"गैरहजेरी मांडलीत तर ते खोटं असेल," ती म्हणाली. "ती तिथे बसलेली असेल आणि तुम्ही लिहाल, नाही म्हणून."

"चला वर्गावर," मॅडम म्हणाल्या.

दोघी वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या तेव्हा हजेरी सुरू झाली होती. वर्गाच्या बाई तरुण होत्या, आणि मॅडमना पाहून त्यांचा आवाज एक पट्टी वर गेला. सात. "हजर!" आठ. "हजर, बाई!" नऊ आला नव्हता. दहाव्या नंबराचा मुलगा इतक्या जोरात ओरडला की वर्ग हसला.

"अकरा."

वर्ग शांत झाला. मुलांनाही चिठ्ठीतलं सगळं ठाऊक होतं. गोटी तिसऱ्या बाकावर होती. तिची मूठ बाकावर होती. मावशी त्या मुठीकडे बघत राहिली. उचल, ती मनात म्हणाली. ठोक एकदा. काय करतील ते करतील, मी आहे इथे.

मूठ उघडली आणि तळहात बाकावर पालथा पडून राहिला.

"अकरा," बाई पुन्हा म्हणाल्या. अगदी हळू, जणू कुणी झोपलेलं असावं. शेजारच्या मुलीनं गोटीकडे पाहिलं, मग वर छताकडे. बाईंनी दाराकडे पाहिलं.

"लिहा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चांगला निघाला नाही.

बाईंनी हजेरीपटावर वाकून लिहिलं. पेनाचा आवाज दारापर्यंत आला. मावशीनं पाय उंबऱ्याच्या आत टाकला. तिन्ही वाक्यं तिच्या जिभेवर होती.

पण त्याआधी बाक करकरलं. गोटी उठली होती. दोन बाकांमधून, कुणाच्या तरी दप्तरावरून पाय उचलून टाकत, ती टेबलापाशी गेली. तिचं डोकं टेबलाच्या थोडंच वर येत होतं. तिनं बाईंपुढे हात पसरला.

मुलानं असा हात पसरला की काही तरी द्यायचं असतं, या सवयीनं बाईंनी हातातलं पेन दिलं.

गोटीनं हजेरीपट आपल्याकडे ओढला. बोट वरून खाली सरकवत स्वतःच्या नावापर्यंत आणलं. बाईंनी आत्ता लिहिलेलं काट मारून खोडलं आणि त्याच्या बाजूला आपल्या हातानं लिहिलं, 'हजर'. चौकटीत एक अक्षर मावण्यापुरतीच जागा होती. तिची अक्षरं उद्याच्या आणि परवाच्या रकान्यांत गेली, वर दहाव्या नंबराच्या मुलालाही लागली. लिहून झाल्यावर तिनं ते एकदा वाचून पाहिलं आणि पट बाईंकडे नीट वळवून ठेवला.

मावशीचा पाय अजून उंबऱ्याच्या आतच होता. हे कासवानं कधी केलं नव्हतं. हे तिनं शिकवलं नव्हतं. बाकावर पालथा पडलेला तो तळहात तिला पुन्हा दिसला, आणि पोरीला आता आपल्या त्या ठोक्याची गरज उरली नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं पाय मागे घेतला. शेजारी मॅडम चष्मा काढून पुसत होत्या आणि पुसून झाला तरी घालत नव्हत्या.

गोटी आपल्या जागेवर जाऊन बसली. पेन तिच्याच हातात राहिलं होतं. बाईंनी ते परत मागितलं नाही. त्यांनी खण उघडला, चाचपून दुसरं पेन काढलं, टोपण दातानं ओढलं आणि म्हणाल्या, "बारा."