मरुंदु

"मरुंदु कोण दिलं रे तुला?" भागीरथीबाईंनी विचारलं.

सेतूनं खरं ते सांगून टाकलं. "नटराज."

त्याला वाटलं, आईला बाटली सापडली. घरात बोलणं मराठी, पण औषधाला सगळे तमिळ शब्दच वापरायचे, मरुंदु. आणि मरुंदु म्हणजे

थांबा. आधी बाटली.

दारूबंदी आल्यापासून कुंभकोणमात सर्दी नसलेली माणसंही सुंठीचं टिंक्चर पीत, त्यात मद्यार्क असे म्हणून. नटराज औषधाच्या दुकानात कंपाउंडर, हसरा, बोटांना लवंगेच्या तेलाचा वास. सेतू नुकताच शाळेत मास्तर झालेला. शाळा सुटली की तो दुकानापाशी रेंगाळायचा, मग दोघं कावेरीकाठी जाऊन बसायचे. घोटभर पोटात गेलं की नटराज त्याच्या खांद्यावर डोकं टेकायचा. उतरल्यावर त्याविषयी अवाक्षर नाही. खांद्यावर ते डोकं यावं म्हणून बाटली लागायची, की

सेतूलाही ते सांगता आलं नसतं. हल्ली सकाळीच हात कापायचे, फळ्यावरचं अक्षर वाकडं यायचं. आडुतुरैची मुलगी सांगून आली, तिला त्यानं नको म्हटलं.

तर मरुंदु म्हणजे आणखीही एक. विड्यातून, भातातून कुणी पोटात घालतं. ते आतड्याला चिकटतं, आणि माणूस घालणाऱ्याच्या मागे वेड्यासारखा फिरतो. भागीरथीबाई विचारत होत्या ते हे.

"बाप्या बाप्याला घालतो होय?" त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"घातलंच की, वहिनी!" हनुमंतरावकाका म्हणाले. "उगीच का पोरगी नको म्हणतो? त्याला पोलिसांतच देतो."

"काका, तसलं नव्हे. टिंक्चर होतं, मीच मागायचो. आणि तो... मला तो आवडतो, काका. कुणी काही घातलं नाही."

काका वहिनींकडे वळले. "ऐकलंत? हा नाही बोलत. पोटातलं बोलतंय."

त्यानंतर सेतू जे जे बोलला ते पोटातलंच ठरलं. रडला, तेही.

दुसऱ्या दिवशी त्याला सुंदरपेरुमाळ कोयिल या गावी शिवकामीकडे नेलं. मरुंदु काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं कसलासा हिरवा कडू रस पाजला आणि गुडघ्यानं पोट दाबलं. सेतू ओकला, पुन्हा ओकला. तिनं काडीनं चिखलासारखा गोळा बाजूला केला.

"पाहा. निघालं."

भागीरथीबाईंनी पदरानं त्याचं तोंड पुसलं. "सेतू, राजा, आता सांग. तो आठवतो कीं?"

सेतूला वाटलं, नाही म्हटलं की सुटेल. आपण नव्हे, नटराज. जो आठवतच नाही, त्याला पोलिसांत कशाला द्यायचं?

"नाही आठवत," तो म्हणाला. "कोण तो?"

आईनं हात जोडले. "देवा रे! निघताच विसरला, म्हणजे त्यानंच घातलं होतं."

"आता पुराव्याला काय कमी?" काकांनी चपला पायात सरकवल्या. "बस गाठतो. आज दुकानातच धरवतो त्याला."

"काका, थांबा! आठवतो! मला तो आठवतो!"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. भागीरथीबाईंचा चेहरा उतरला.

"राहिलंय अजून थोडं," शिवकामी म्हणाली, आणि पुन्हा रस ओतू लागली.