पडद्याअलीकडे

तोंडात चार टाचण्या धरून शिंपीणबाई गिऱ्हाइकाच्या पाठीवरची शिवण चिमटीत घेत होती, तेवढ्यात पडद्याबाहेर तिच्या लेकीचा आवाज चढला.

"काका, थांबा! आधी 'येऊ का' विचारायचं. आतून 'या' म्हटलं, की मगच पडदा सरकवायचा."

शिकवण शिंपीणबाईचीच होती. मापं घरातच घ्यायची, बायका अर्ध्या कपड्यांत उभ्या. त्यामुळे पोरगी 'आई' म्हणायला शिकली त्याच्या मागोमाग 'येऊ का' म्हणायलाही शिकली. आता होती सात वर्षांची, पण नियमाला हवालदाराच्या वरताण.

"ए चिमुरडे, सरक," हे मोठे दीर. "माळ्यावरचं ड्रिल मशीन हवंय मला. याच खोलीत लहानाचा मोठा झालोय मी. तू मला अडवणार?"

पडदा बाहेरून ताणला गेला, वरच्या कड्या करकरल्या. खाली कडेला दोन इवल्या मुठी कापड गच्च धरून होत्या. गिऱ्हाईक बाईंनी घाबरून शाल छातीशी ओढली.

शिंपीणबाई बाहेर आली आणि पाठीमागे पडदा नीट लावून घेतला.

"हेच वळण लावलंस का पोरीला?" दीर कडाडले. "मोठ्यांना उलट बोलते! माफी मागायला लाव. आत्ताच्या आत्ता."

कोपऱ्यात सासूबाई बटणं लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अकरा वर्षं शिंपीणबाईनं या माणसापुढे ब्र काढला नव्हता. यापूर्वी दोनदा तो असाच आत घुसला होता. दोन्ही वेळा तिनं गिऱ्हाइकाची हातापाया पडून माफी मागितली होती आणि त्याला मात्र चहा करून दिला होता. तिला स्वतःचीच चीड आली. पोरगी मान वर करून तिच्याकडे बघत होती. पडदा अजून सोडला नव्हता. आज हिला वाकवलं, तर ही जन्मभर वाकेल.

तिनं टाचण्या एकेक करून मनगटावरच्या उशीत खोचल्या.

"चुकलंच तुझं," ती लेकीला म्हणाली.

दिरांचा चेहरा खुलला.

"मोठ्यांशी बोलताना 'प्लीज' म्हणायचं असतं. ते राहिलं. पुन्हा सांग बघू, नीट."

पोरीनं मनगटानं नाक पुसलं. "काका, प्लीज आधी विचारा ना. आणि विचारलं तरी आत्ता नाही जायचं. आत बाई आहेत."

"ऐकलंस ना, आई?" दीर सासूबाईंकडे वळले. "सांग तुझ्या सुनेला! नाहीतर या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही."

सासूबाईंनी दातानं दोरा तोडला. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि लेकाच्या चपला उचलून बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवल्या.

"मशीन तुझ्या भावाच्या हाती पाठवते," त्या म्हणाल्या. "नीघ आता."