मी आंधळा नाही: शाळेतल्या गॉगलचे आत्मवृत्त

मित्रांनो, बदलापूरच्या एका हायस्कूलमध्ये, कपाटाच्या तळाशी पडलेला मी एक जुना व्ही.आर. चष्मा आहे. मुले मला गॉगल म्हणत.

कारखान्यात माझी भिंगे बसवली, पडदा जोडला आणि मला इथे पाठवले. विज्ञानाच्या राजसी बाईंनी मला खोक्यातून बाहेर काढले. मला डोळ्यांवर चढवले की मुले थेट ज्वालामुखीच्या काठावर उभी राहत. सोनिवलीचा तुषार तर लाव्हा बघून बाकावरच चढला. त्याला कितीतरी दिवस सगळे चिडवत होते.

बारवी धरणाकडच्या वाडीवरची तुळशी मात्र चिडवणाऱ्यांत नव्हती. तिची आई हृदयाच्या आजाराने गेली होती. झडप खराब आहे, एवढेच डॉक्टरांनी घरी सांगितले होते. घरात झडप म्हणजे खिडकीची. ती बिघडून माणूस कसा मरतो, हे तिला कळत नव्हते. एके दिवशी बाईंनी तिला माझ्यातून हृदयात नेले. समोर झडप उघडत होती, मिटत होती. तुळशीने ती धरायला हवेत हात पुढे केला.

"बाई, आयची मिटत नव्हती का?"

"हो गं. नीट मिटत नव्हती."

तिने मला काढले तेव्हा माझी कड ओली होती. आपण हेच शिकणार, असे ती बाईंना म्हणाली.

मग दसरा आला. शिपाई विठा मावशींनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. मला डोळे आहेत म्हणून त्यांनी दोन्ही भिंगांवर ओले कुंकू लावले. नंतर डाग जाईना म्हणून घाबरून काथ्याने घासले. भिंगांवर चरे पडले. त्यांनी मायेनेच केले, पण माझ्यातून दिसेना. पुढे बाईंची बदली झाली.

तुळशी नव्या सरांकडे मला मागत राहिली. सर म्हणाले, "तो आंधळा झालाय. फळ्यावर काढलंय ते बघ."

उद्या उल्हासनगरचा भंगारवाला मला न्यायला येणार आहे.

मित्रांनो, मी आंधळा नाही. फक्त भिंगे बदलायची आहेत. आतले हृदय अजून चालते आहे. मला ओरडता येत नाही. तुमच्या शाळेतल्या यंत्रांना मऊ, कोरडे कापड द्या. बिघडले तर आधी दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. आणि माझ्या कपाटाची किल्ली विठा मावशींच्या कमरेला आहे. कोणीतरी आजच त्यांच्याकडे जा.